मोठ्या बाईंची फाइल

४ एप्रिल

बयो,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

अक्षर माझं नाही हे तुला कळेलच. मला अक्षरच नाही. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई लिहितेय. मी सांगेन तेवढंच लिहायचं, मधे स्वतःचं ठिगळ लावायचं नाही, असं ठरलंय. (ठिगळ लावणार नाही. पण तुमच्या आई फार भरभर बोलतात, एवढंच. – शिंपीणबाई.) बघ, लावलंच.

फोन का नाही केला? फोनवर तू "आई, मीटिंग आहे" म्हणतेस आणि मी उघडं तोंड घेऊन बसते. कागदाला मीटिंग नसते. ही बाई याचा फोटो काढून पाठवणार आहे, म्हणजे माझा चहा निवायच्या आत तुझ्या हातात पडेल. उभ्या उभ्या वाचू नकोस. बस.

तुझ्या लेकीवर बालंट आलंय.

मी हे लिहवतेय ते तिला ठाऊक नाही. ठाऊक झालं तर माझी धडगत नाही. स्वभाव कुणावर गेलाय ते मी सांगत नाही, तू आरशात बघ. मी अजून तिला टिटवीच म्हणते. लहानपणी रडून इमारत डोक्यावर घ्यायची म्हणून ते नाव पडलं. आता रडत नाही. गप्प बसते आणि नखं खाते. त्यापेक्षा रडणं परवडलं.

ती कामाला कुठे आहे ते तुला माहीतच आहे. तुझ्याच जुन्या कचेरीत, अँब्युलन्सच्या. लोक घाबरून फोन करतात, तो फोन घेणारा प्रोग्राम तुझा. कुठली गाडी जवळ, कुठली रिकामी, कुणी जायचं, हे ठरवणारा प्रोग्राम टिटवीचा. आई फोन घेते, लेक गाडी पाठवते. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काय गोडी आहे दोघींत!

तर गेल्या महिन्यात ऊन पेटलं आणि फोनांची झुंबड उडाली. ऐन गर्दीत टिटवीचा प्रोग्राम पडला. तो परत उभा राहीपर्यंत कचेरीतल्यांनी चिठ्ठ्यांवर पत्ते लिहून काम रेटलं. त्या घोळात एकाच म्हाताऱ्याच्या दारात दोन गाड्या गेल्या, आणि परांचीवरून पडलेला एक रंगारी रस्त्यावर तसाच पडून राहिला. जिवंत आहे. पाय मात्र वाकडाच राहणार म्हणतात. टिटवी त्याला भेटून येते, मला न सांगता. मला अक्षरं कळत नाहीत, पण दवाखान्याचा वास कळतो.

प्रोग्राम आधीही पडायचा. पण तेव्हा कुणाचा पाय मोडला नव्हता, म्हणून कुणी विचारलं नाही. आता साहेबाने विचारलंय. साहेब म्हणजे तोच, जो तुझ्या हाताखाली होता, तुझी बॅग धरून मागेमागे हिंडायचा. आता त्याची बॅग दुसरा कुणी धरतो. त्याने टिटवीपुढे कागद ठेवला: माझ्या निष्काळजीपणामुळे हे झालं, मी राजीनामा देते. सही केली तर चांगला दाखला देऊन गुपचूप सोडणार. नाही केली तर एकोणीस तारखेला चौकशी, आणि मग दुसरीकडे कुणी दारात उभं करणार नाही. वर म्हणाला काय, "तुझ्या आईने उभं केलेलं इतकी वर्षं हललं नाही. तुझं एका उन्हाळ्यात आडवं झालं."

तिने सही केली नाही. म्हणाली, "माझा प्रोग्राम मेला नाही. त्याला मारलंय."

हे मारणं काय असतं ते तिने मला भांडी विसळता विसळता सांगितलं. माझ्या तोंडाने तुला सांगते, हसू नकोस. मशीनची मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कपाटं कितीही असोत, काम चालतं ते ओट्यावर. ओटा भरला, तसूभर जागा उरली नाही, की मशीनचा एक मुकादम आहे, तो येतो. जास्त जागा अडवून बसलेला कोण ते बघतो आणि त्याला उचलून फेकतो, म्हणजे बाकीच्यांचं चालू राहतं. विचारत नाही, सवड देत नाही. ज्याला फेकलं त्याला "मेलो" म्हणायलाही वेळ मिळत नाही, म्हणून त्याच्या स्वतःच्या नोंदीत काहीच सापडत नाही. साहेबाने तेवढीच नोंद बघितली आणि ठरवलं, पोरीचं काम कच्चं. मुकादमाची नोंद वेगळी असते, ती टिटवीने काढली. त्यात सरळ आहे: जागा संपली, याला मी मारलं.

मग ओटा भरवला कुणी? टिटवी म्हणते, तिच्यापेक्षा जास्त जागा अडवून बसलेला एक आहे, आणि मुकादम त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. कारण त्याच्यावर खूण आहे, काहीही झालं तरी याला मारायचं नाही. तो प्रोग्राम तुझा, बयो. खूणही तुझी. जाताना करून गेलीस.

पोरीवर तशी खूण करायची राहिली वाटतं.

(हे लिहू का, असं विचारलं. लिही म्हणाल्या. – शिं.)

मला तुझा वशिला नको. साहेबाला एवढंच सांग, की खूण माझी आहे, काढून बघा काय होतं ते. ती स्वतः मागणार नाही. मी मागतेय. आणि मी एकदा मागायला बसले की मिळाल्याशिवाय उठत नाही, हे तुझ्या बापाला विचार म्हटलं असतं, पण तो सुटला.

तुझी आई

(अंगठा उठवू का म्हणत होत्या. फोटोत नुसता डाग दिसेल म्हणून मी नको म्हटलं. – शिं.)


१० एप्रिल

बयो,

आज अक्षर सरळ दिसेल. ते तुझ्या लेकीचं आहे.

शिंपीणबाईच्या पोटात बटणसुद्धा राहत नाही. जिन्यात टिटवी भेटली तशी विचारती झाली, "काय गं, आईचं उत्तर आलं का?" झालं. टिटवी चपला न काढता आत.

"आजी, तू तिच्याकडे भीक मागितलीस?"

"भीक कशाची? साक्ष मागितली."

"मला तिची साक्ष नको."

"तुला नको असेल. मी माझ्या पोरीकडे मागितलीय, तू मधे कोण?"

मग तिने पत्राचा फोटो मागितला, वाचला, आणि आणखीनच भडकली. कशावर? मी तिची गाऱ्हाणी चव्हाट्यावर आणली म्हणून? छे! मी "खूण काढून बघा" लिहवलं म्हणून! म्हणे, "खूण काढली तर मुकादम फोनच तोडेल! ती वाचून म्हणेल, हिला एवढंही कळत नाही." मग स्वतःच पेन घेऊन बसली. अट अशी, की फक्त कामाचं लिहिणार. घरचं काही काढलं तर पेन खाली.

तर आधी घरचं.

पेन खाली ठेवलं. मी खोकले. जरा जास्तच खोकले. उचललं.

रविवारी तुझा फोन आला. तू म्हणालीस, खूण बरोबर आहे, घाबरलेल्या माणसाचा फोन कधीच तुटू नये म्हणून ती केली होती. म्हणालीस, टिटवीचा प्रोग्राम सगळ्या शहराचा नकाशा ओट्यावर पसरून बसतो, मग मुकादम त्यालाच धरणार. म्हणालीस, सही करून मोकळी हो म्हणावं, मी तिला इकडे चांगल्या जागी लावून देते. आणि फोन ठेवता ठेवता, हळूच: "तूच तिला माझ्याकडे येऊ दिलं नाहीस."

त्या हळूचचं उत्तर मोठ्याने देते. हो. नाही येऊ दिलं. तुझा नवरा गेला, तू पोटासाठी लांब गेलीस, त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. पण दर वर्षी "पुढच्या वर्षी नेते" ऐकून ही बॅग भरायची आणि मी ती रिकामी करायची. शेवटी तू न्यायला आलीस तेव्हा ती म्हणाली नाही जात, मी म्हटलं नाही पाठवत. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन. तू रुसलीस, रुस. रुसायला जागा लागत नाही.

आणि चांगली जागा तुझ्यापाशीच ठेव. खोट्या कागदावर सही करून मिळालेली खुर्ची जन्मभर टोचते. ही गेली म्हणून तो ओटा भरायचा थांबणार आहे का? हिच्या जागी येईल त्याचा प्रोग्राम मरेल, आणि कुणीतरी आणखी रस्त्यावर पडून राहील.

कामाचं उत्तर तुझी लेक तिच्या शब्दांत लिहील. मी तोंड धुवून येते.

नकाशा मेमरीत ठेवावाच लागतो. दर फोनला डिस्कवरून वाचला तर गाडी निवडायला फार वेळ जातो. पण तो वाढत नाही. सकाळी जेवढा, तेवढाच संध्याकाळी. मोजलंय. फोन घेणारा प्रोग्राम मात्र सुरू झाल्यापासून वाढतच जातो. दोष तुमच्या मूळ कामात नाही. तुम्ही गेल्यावर साहेबांनी हॉलमध्ये भिंतभर फळा बसवला. त्यावर गाड्यांचे रंगीत ठिपके पळतात, पाहुणे आले की तो दाखवतात. पाहुण्यांसमोर फळा काळा पडू नये म्हणून त्यांनी तो स्वतंत्र न ठेवता फोनच्या प्रोग्राममध्ये आत बसवला. त्यामुळे तुमच्या खुणेचं संरक्षण त्यालाही मिळालं. तो आजवरचा प्रत्येक ठिपका धरून बसलाय, एकही सोडत नाही. मध्ये साहेबांनी मेमरी दुप्पट केली. टाळ्या वाजल्या. पडायला जास्त दिवस लागले, एवढाच फरक. खूण काढायची नाही. फळा बाहेर काढायचा आहे. त्यासाठी तुमची फाइल उघडावी लागेल.

मी परत आले. वाचून दाखव म्हटलं. "तुम्ही, तुमच्या" लिहिलंय तिने तुला. मी सुधार म्हटलं नाही.

एक गोष्ट तिने गाळलीय, ती मी घालते. त्या फाइलच्या डोक्यावर तू लिहून ठेवलंयस, "हात लावू नये." कचेरीत नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला सांगतात, ही मोठ्या बाईंची फाइल, हिला कुणी उघडत नाही. काचेच्या कपाटातल्या कपबशीसारखी झालीय ती, बघायची, वापरायची नाही. टिटवीनेही उघडली नाही. आठवडेच्या आठवडे स्वतःच्याच प्रोग्राममध्ये भोक शोधत बसली. रंगाऱ्याचा पाय मोडल्यावर उघडली. मी विचारलं, आधीच का नाही गं बघितलीस? तर म्हणाली, "आईची होती."

पेन पुन्हा खाली. आता खोकूनही उचलत नाही. म्हणून इथेच थांबते.


२० एप्रिल

बयो,

टिटवी झोपलीय, भर दुपारी, तोंड उघडं टाकून. म्हणून शिंपीणबाईला वर बोलावलं. कालचं तुला फोनवर ऐकलंस तेवढंच माहीत आहे. उरलेलं ऐक.

मी गेले होते. टिटवी नको म्हणाली. मी म्हटलं, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे? दारावरचा शिपाई म्हणाला, "आजी, आत फक्त संबंधित माणसं."

"मी तिची पालक."

"तिचं वय काय?"

"माझ्याहून कमी."

तेवढ्यात साहेब आला आणि ओळखून वाकलाच. "अहो, या तर मोठ्या बाईंच्या मातोश्री! खुर्ची आणा!" बघ, तुझ्या नावावर मला खुर्ची मिळाली. पाय दुखत होते म्हणून बसले. मऊ नव्हती, सांगून ठेवते.

आत चौकशीच्या अध्यक्षबाई होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं मोजकं. साहेबाने लांबण लावली. मुलगी हुशार आहे, अनुभव कमी आहे, तिचं नुकसान व्हावं असं कुणालाच वाटत नाही, वगैरे वगैरे. मग कागद पुढे सरकवला. टिटवीने तो एका बोटाने परत सरकवला, जेवणात केस निघाला की बाजूला करतात ना, तसा.

"सरावाचं एक मशीन आहे," ती म्हणाली. "खऱ्याची हुबेहूब नक्कल. त्यावर कुणाचा जीव अवलंबून नाही. मी त्यावर खोटे फोन सोडते. तुम्ही फक्त बघा."

"दाखव," अध्यक्षबाई म्हणाल्या.

पडद्यावर दोन पट्ट्या होत्या. एक टिटवीच्या प्रोग्रामची, जिथल्या तिथे. दुसरी तुझ्या प्रोग्रामची, फळा पोटात घेऊन बसलेल्याची. तिने त्यात महिनाभराचे ठिपके एकदम ओतले, तशी ती फुगायला लागली, फुकटच्या जेवणाला आलेल्या पाहुण्यासारखी. वरून खोट्या फोनांची गर्दी. आणि एका क्षणात टिटवीची पट्टी नाहीशी.

"बघा! पडला!" साहेब म्हणाला. आनंद लपवता आला नाही बिचाऱ्याला.

टिटवीने मुकादमाची नोंद मोठी करून समोर धरली. अध्यक्षबाईंनी वाचली. "जागा संपली म्हणून मारला. बरं. पण हा दुसरा तर याहून मोठा दिसतोय. त्याला का नाही मारला?"

"त्याच्यावर खूण आहे. मारू नये अशी."

"खूण फोनला की फळ्याला?"

"फोनला होती. फळा नंतर तिच्या आड येऊन बसला."

मला त्या बाई आवडल्या. (दोनदा म्हणाल्या. – शिं.)

साहेब मधे पडला. "मॅडम, ती मूळ रचना आहे. मोठ्या बाईंनी विचारपूर्वक केलेली. त्या फाइलला आम्ही कुणी हात लावत नाही. हवं तर त्यांनाच विचारू या!" आणि लावला की तुला फोन, सगळ्यांना ऐकू येईल असा. त्याला वाटलं तू त्याची पाठ थोपटशील. मलाही तसंच वाटलं. हे खरं सांगते, वाईट वाटलं तर वाटून घे.

त्याने साखर घोळून घोळून सांगितलं. तू त्याला मधेच तोडलंस. म्हणालीस, "ती आहे का तिथे? तिला बोलू दे." मग तुमचं दोघींचं सुरू झालं. इतक्या वर्षांनी आई नि लेक बोलताहेत, आणि बोलताहेत काय?

"तुझा आकडा स्थिर आहे?"

"स्थिर."

"फोनचा, फळ्याशिवाय?"

"तोही स्थिर. अगदी लहान."

"रीस्टार्टनंतर नकाशा भरायला किती वेळ?"

"गर्दीत कुणाचा तरी पाय जाईल, इतका."

तू मग म्हणालीस, "माझी फाइल उघड. फळा बाहेर काढ."

"काढलाय, मॅडम. या मशीनवर, दुसऱ्या नकलेत, कालच. तुम्हाला विचारायला थांबले नाही."

मॅडम म्हणाली तुला. आणि तू काय म्हणालीस? "हं."

बयो, हं? एवढ्या लांबून, एवढ्या वर्षांनी, हं? कचेरीतला पंखासुद्धा त्याहून जास्त बोलत होता. तेवढ्यात साहेबाने "धन्यवाद, धन्यवाद" करून फोन कापला.

मग टिटवीने तेच पुन्हा चालवून दाखवलं, फळा बाहेर काढलेलं. ठिपके ओतले, फोन सोडले, ओटा भरला, मुकादम आला, आणि त्याने फळा उचलून फेकला. पडदाभर काळोख. फोन चालू. गाड्या चालू. शिपाई दारातून बघत होता, तो म्हणाला, "एवढंच?" त्याला साहेबाने बाहेर काढलं.

तरी ते सुटलं नाही. नियम असा, की मूळ रचना बदलायची तर रचनाकाराचं लेखी हवं, आणि साहेबाचा अहवाल हवा. तोवर टिटवीला घरी बसवलंय. जाता जाता तिने सांगून ठेवलं, निदान रोज पहाटे फोनचा प्रोग्राम बंद करून चालू करा, म्हणजे ओटा तेवढा पुसला जाईल. अध्यक्षबाईंनी ते लगेच करायला लावलं. पण ती म्हणते, मोठी गर्दी झाली तर पुसलेला ओटाही पुरणार नाही. ऊन तर वाढतच चाललंय.

जिना उतरताना मी म्हटलं, आई बोलली की तुझ्याशी. टिटवी म्हणाली, "प्रश्न बरोबर विचारले तिने." आणि घरी येऊन झोपली ती अजून झोपलीच आहे.


२६ एप्रिल

बयो,

हे नीट वाच. शिंपीणबाईला मी तीनदा वाचून दाखवायला लावलंय.

साहेब घरी आला होता. चहा घेतला, साखर कमी सांगितली, आणि अहवाल वाचून दाखवला. तू तो कागद सही करून पाठवायचास. त्यात लिहिलंय, की मोठ्या बाईंच्या मार्गदर्शनाखाली दोष शोधण्यात आला. फळ्याचं नाव कुठेही नाही, त्याला "जोड" म्हटलंय. आणि कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या प्रोग्रामने अवाजवी मेमरी वापरल्यामुळे तो प्रसंग उद्भवला, पण तिचं वय बघता समज देऊन तिला कामावर परत घेत आहोत.

"आजी," तो म्हणाला, "सगळ्यांचं भलं आहे यात."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाकुणाचं?"

"मोठ्या बाईंचं नाव राहतं. कचेरीचं राहतं. हिची नोकरी राहते."

"आणि रंगाऱ्याचा पाय? तो कुणाच्या नावावर राहतो?"

तो बशीकडे बघायला लागला. मी म्हटलं, "तुझ्या फळ्याच्या नावावर का नाही लिहीत?"

"तुम्हाला त्यातलं कळणार नाही, आजी."

"कळत नाही म्हणूनच विचारतेय. कळत असतं तर ओरडले असते."

गेला. जाताना म्हणाला, "मोठ्या बाई सही करतीलच. त्यांचं नाव सगळ्यात वर आहे."

आता खरं दुखणं सांगते. टिटवी तो कागद ऐकून काय म्हणाली? "करू दे सही. निदान फळा तरी बाहेर निघेल. गाड्या तरी नीट जातील." जी मुलगी सगळ्यांदेखत कागद परत सरकवते, ती हे म्हणाली. आणि लागली नखं खायला. तिला खात्रीच आहे ना, तू करशील म्हणून.

सही करू नकोस.

नोकरी जाईल म्हणशील. जाऊ दे. मी हिला तुझ्याशिवाय वाढवलं, नोकरीशिवायही पोसेन. साहेब तुझी आरती ओवाळतोय ती कशासाठी, हे न कळण्याइतकी तू भोळी कधीच नव्हतीस. तुझ्या फाइलच्या आड त्याने फळा लपवला, आता तुझ्या नावाच्या आड स्वतः लपतोय. आणि तू गप्प राहिलीस तर तूही त्याच आडोशाला उभी.

लेखी हवं ना त्यांना? मग तुझं तू लिही. तुला येतं लिहिता. मला येत असतं तर मीच लिहिलं असतं, आणि "हं" इतकं लहान लिहिलं नसतं.

(माझं एक ठिगळ, माफ करा. गेले चार दिवस टिटवी संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसते. काजं करून देते. फार वाईट करते. – शिं.)


५ मे

बयो,

आज टिटवी लिहितेय. हिने अट घातली नाही, म्हणून मीच घातली: मी सांगेन ते सगळं लिहायचं.

तुझं पत्र अध्यक्षबाईंनी सगळ्यांसमोर वाचलं. साहेबाच्या अहवालावर तू सही केली नाहीस ते त्याला तिथेच कळलं. टिटवीने घरी येऊन मला सांगितलं, पण अर्धंच, भिंतीकडे बघत. मग अध्यक्षबाईंचाच फोन आला, त्यांनी पुरतं सांगितलं.

की तू लिहिलंस, खूण माझी, आणि "हात लावू नये" ही ओळही माझी. खूण बरोबर होती, ओळ चूक होती. फळा आजच्या आज बाहेर काढा. दोष टिटवीने एकटीने शोधला, दुरुस्तीही एकटीने केली, तिच्या प्रोग्रामचा यात काहीही दोष नाही. रंगाऱ्याला कचेरीने तसं लेखी कळवावं. आणि खाली: ही माझी मुलगी आहे, म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका, वाटेल त्याच्याकडून तपासून घ्या.

त्यांनी तपासलं. तीन जणांनी. काही निघालं नाही.

टिटवी सोमवारपासून कामावर आहे. समज बिमज काही नाही. पहिल्याच दिवशी तिने तुझी फाइल सगळ्यांना बसवून उघडून दाखवली, ओळ न् ओळ. आता ती वाटेल त्याने उघडावी अशी झालीय. परवा उन्हाने कहर केला, फोन थांबेनात. फळा काळा पडला. तेवढ्यात पाहुणे आले होते, साहेब त्यांना काळ्या भिंतीसमोर उभं राहून काहीतरी समजावत होता म्हणे. गाडी एकही चुकली नाही. रंगाऱ्याचा पाय मात्र वाकडा तो वाकडाच. टिटवी कचेरीचं पत्र घेऊन गेली होती. त्याने वाचलं, घडी घालून उशीखाली ठेवलं आणि म्हणाला, "पुढच्या वेळी लवकर या."

आता तुझं माझं. एका बऱ्या पत्राने मागचं सगळं फिटलं असं समजू नकोस. मी म्हातारी आहे, विसराळू नाही. भरलेल्या बॅगा मी रिकाम्या केल्यात, त्या मला पाठ आहेत. तू माझ्यावर रुसलीयस, तेही चालू ठेव, इतक्या वर्षांची सवय एकदम मोडू नये. पण सही केली नाहीस. मी अध्यक्षबाईंना म्हटलं, पोर माझीच आहे. त्यांनी विचारलं, कुठली? मी म्हटलं, दोन्ही.

पेन हळू चाललंय आज. लिही गं, झोपू नकोस.

फोन कर. मीटिंग नसेल तेव्हा कर, असेल तर सोडून कर. मी उचलणार नाही. ती उचलेल.

लिहिलंस? वाचून दाखव म्हटलं तर दाखवत नाही. नको दाखवू. मला वाचता येत नसलं तरी खोडल्याचा आवाज कळतो, आणि तो अजून आलेला नाही.